सात दवाखान्यांचा माल

रविवार, दिवाळीनंतरचा दुसरा. वेळ सकाळी साडेअकरा. जागा ऊर्जानगरमधलं आमचं क्वार्टर, पुढची खोली.

हजर: मी, माझे धाकटे दीर, दिरांचे कॉलेजच्या होस्टेलातले जुने सोबती, जे एटापल्ली तालुक्यात एका शाळेवर गुरुजी आहेत, आणि आमचे हे. ह्यांचा देश नाही, ते चहापुरते.

विषय: चांगल्या दर्जाचा माल घेणं परवडतं की नाही.

माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद एवढीच आहे. त्या खोलीत जे झालं त्यातलं काहीच तिच्यात आलेलं नाही, म्हणून आता नीट लिहिते.

आधी खेळाबद्दल. मोबाइलवरचा खेळ आहे. प्रत्येकाला एक देश मिळतो. शाळा, दवाखाने, कारखाने, खाणी आपण बांधायच्या, त्यांना लागणारा माल बाजारातून आपण घ्यायचा. आपला एक दिवस म्हणजे तिथला एक महिना. बाजारातल्या प्रत्येक मालावर दर्जाचा आकडा असतो. शंभर म्हणजे कामचलाऊ; तिथून वर तीनशेपर्यंत. दर्जा वाढला की किंमतही वाढते, आणि ती पायरी पायरीनं वाढत नाही, उड्या मारत वाढते. दवाखान्याला चांगला माल दिला तर देशाचा आरोग्याचा आकडा चढतो, असं खेळात लिहिलेलं आहे. चढतो म्हणजे किती, आणि तेवढ्यासाठी एवढा महाग माल घ्यावा का, हे मात्र कुठंच लिहिलेलं नाही. जगभरातली माणसं त्यावर भांडत असतात. आम्ही आमच्या पुढच्या खोलीत भांडलो.

मला खेळांची हौस नाही. मी वीज केंद्राच्या स्टोअरला आहे. एकवीस वर्षं झाली. बेअरिंग, गास्केट, बोल्ट, हातमोजे, सगळं माझ्या रॅकवरून जातं. दीर आणि गुरुजी दोन वर्षांपासून खेळत होते आणि दोघांच्या देशात नेहमी काहीतरी संपलेलं असायचं. एकाकडे दवाखाने होते पण औषध नव्हतं, दुसऱ्याकडे यंत्रं होती पण तेल नव्हतं. एकदा जेवताना दीर वैतागून म्हणाले, "वहिनी, तुमी तर दिवसभर हेच करता. आमाले थोडं पाहून द्या ना."

मी पाहून दिलं. आठवड्यात दोघांचा माल रांगेला लागला. मग मलाही एक देश घ्यायला लावला, तिघांचा संघ झाला, संघाचं एक सामायिक गोदाम झालं आणि खरेदी माझ्याकडे आली. एक वही केली. कोणाला काय लागतं, किती लागतं, कधी मागवायचं. पहिले सहा महिने मला कोणी नावं ठेवली नाहीत.

भांडण त्या रविवारच्या चाळीस दिवस आधी, याच खोलीत, गुरुजींच्या देशावरून सुरू झालं.

गुरुजींचा देश तिघांत सगळ्यात लहान. माणसं थोडी, जंगल जास्त, आणि जमिनीखाली लोखंड. खेळात कोणाला कुठला देश मिळेल ते आपल्या हातात नसतं. पण गुरुजी एटापल्लीचे, जिथं खऱ्या डोंगरांतही लोखंडच आहे, आणि त्यांना खेळातही मिळालं लोखंड, यावर दीर पहिल्या दिवसापासून हसत आले आहेत. गुरुजींनी त्या लोखंडावर एकच खाण उघडली. तिच्यातून जे आलं त्यातून दवाखाने बांधले. सात. त्यांच्या भागातल्या ज्या गावांपासून दवाखाना लांब आहे, त्या सात गावांची नावं त्या दवाखान्यांना दिली. मी एकदा विचारलं तेव्हा त्यांनी प्रत्येक गावापासून खरा दवाखाना किती लांब आहे ते सांगितलं. पावसाळ्यातलं अंतर आणि उन्हाळ्यातलं अंतर अशी दोन-दोन अंतरं सांगितली. मी पुन्हा विचारलं नाही.

आरोग्याचा आकडा मात्र अठ्ठेचाळीसवर अडकला होता. दवाखाने सात, पण आत माल शंभर दर्जाचा. गुरुजींचं म्हणणं, माल चांगला घेऊ.

"तुह्या देशात लोखंडच लोखंड आहे बे मास्तर," दीर म्हणाले, "आन् तू दवाखाने बांधून राह्यला. चार खाणी उघड. आमचे कारखाने चालतीन. दवाखाने आमी सांभाळू."

"तुमचे दवाखाने तुमच्या देशात आहेत," गुरुजी म्हणाले. ते पुस्तकातली मराठी बोलतात. घरची भाषा गोंडी. मराठी ते शाळेत शिकले आणि आता शाळेत शिकवतात. दिरांना याचीही गंमत वाटते.

"पाह्य, कसं बोलते! जशी का रेडिओवरची बातमी! अरे, तीनशे दर्जाचा माल घेऊन का देश चालते? शंभरचा घे, भरपूर घे. माणूस औषध मोजते, औषधाचा दर्जा नाई मोजत."

"माणूस बरा होतो की नाही, ते मोजतो."

"खेळात कोण बरं होते बे?"

ह्यांनी तेवढ्यात चिवडा आणून ठेवला. कोणी हात लावला नाही.

मी मध्ये पडले. माझी पद्धत अशी की वाद असेल तर चाचणी घ्यायची. स्टोअरला नवीन पुरवठादाराचं बेअरिंग आलं की आधी दोन पंपांवर लावून पाहतात, मग ठरवतात. मी म्हटलं, चाळीस दिवस घ्या. गुरुजींच्या सात दवाखान्यांना दोनशेवीस दर्जाचा माल. तुमच्या आणि माझ्या देशाला नेहमीचा शंभरचा. चाळिसाव्या दिवशी आकडा पाहू.

"आन् नाई चढला त मंग?" दिरांनी विचारलं.

"तर जे ठरेल ते."

"आताच ठरवा. साठच्या वर नाई गेला त मास्तर दवाखाने पाडते आन् खाणी उघडते. चार. आन् महागाचा माल बंद, कायमचा."

गुरुजींनी मोबाइलवर आपले सात दवाखाने एकदा पाहून घेतले. मग म्हणाले, "चालेल. पण साठच्या वर गेला तर तुम्ही यावर पुन्हा बोलायचं नाही. कधीच."

"हाव. तोंड शिवून घेतो."

मी ते वहीत लिहून घेतलं. दोघांच्या सह्या घेतल्या. हसू नका, मी घेतल्या.

चाळीस दिवस मी गुरुजींचा माल मागवत राहिले. त्यांच्या खाणीतून जे येई ते जवळपास सगळं या मालावर जात होतं. रोज दुपारी जेवणाच्या सुटीत मी मोबाइल काढायची, बाजार उघडायची, दवाखान्याचं साहित्य, दर्जा दोनशेवीस, गुरुजींना लागतं तेवढं. खरेदीच्या पानावर खाली एक बारीक चौकट असते: माल कुठं पाठवायचा, सामायिक गोदामात की थेट देशात. मी दर वेळी सामायिक गोदाम केलं. सगळा माल एकाच ठिकाणी उतरला की हिशेबाला सोपं पडतं. वहीत गुरुजींचा माल गुरुजींच्या पानावर.

आकडा चढेना. अठ्ठेचाळीसचा एकोणपन्नास झाला. एकोणपन्नासचा पन्नास झाला आणि तिथं बरेच दिवस बसला.

गुरुजींच्या गावात रेंज धड नसते. ते शाळा सुटल्यावर गाडीनं टेकडीच्या अलीकडे येऊन फोन करायचे. पंधराव्या दिवशी त्यांचा फोन आला.

"बाई, माल पोचतो आहे ना?"

"पोचून राह्यला गुरुजी. वेळ लागते."

चोविसाव्या दिवशी पुन्हा.

"बाई, एक विचारू? माझा माल त्या सामायिक गोदामात न टाकता वेगळा ठेवला तर?"

त्या दिवशी स्टोअरला तपासणी होती. सकाळपासून मी उभी होते. पण तपासणी नसती तरी मी तेच बोलले असते.

"गुरुजी, एकवीस वर्षं झाले, गोदाम सांभाळून राह्यली मी. कोणाचा माल कुठी ठेवायचा ते मले समजते. तुमी शाळा पाहा."

पलीकडे वारा ऐकू येत होता. "बरोबर आहे बाई," ते म्हणाले. "मी सहज विचारलं." त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

आता तो रविवार.

गुरुजी आदल्या दिवशीच निघाले होते. आष्टीला बहिणीकडे मुक्काम करून सकाळच्या गाडीनं आले. रस्त्यात ट्रकांची रांग होती म्हणून अर्धा तास उशीर. आल्या आल्या त्यांनी पाठीवरची पिशवी उतरवली आणि माझ्यासाठी आणलेली चारोळी दिली. दीर आधीपासून पलंगावर मांडी घालून बसले होते. त्यांना एवढ्या वेळेवर आलेलं मी दुसऱ्या कशासाठीही पाहिलेलं नाही.

बाराला आकडा बदलतो. बाराला तिघांनी मोबाइल उघडले.

गुरुजींचा आकडा त्रेपन्न.

"त्रेपन्न!" दीर म्हणाले. "लिहा वहिनी. त्रेपन्न. साठ त लांबच राह्यले. आता सांग बे मास्तर, माल चांगला होता का खराब?"

"माल चांगला होता," गुरुजी म्हणाले.

"मंग कुठी गेला? उंदरानं खाल्ला?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. वर्गात एखादं पोर चुकीचं उत्तर देतं आणि शिक्षक थांबतो, कदाचित पोर स्वतःच दुरुस्त करेल म्हणून, तसं. मी वही पुढे केली. प्रत्येक खरेदी, तारीख, दर्जा, नग. सगळं बरोबर होतं. "गुरुजी, माल पूर्ण घेतला आहे," मी म्हटलं. "एक नग कमी नाई. चाचणी झाली. जे निघालं ते निघालं."

"भाऊ, आज त्याले जेवू तरी दे," हे स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाले.

"जेवन ना. आधी पाडू दे. सही केली आहे त्यानं."

गुरुजींनी वाद घातला नाही, याचा मला आजही राग येतो. त्यांनी भांडायला पाहिजे होतं. म्हणायला पाहिजे होतं की काहीतरी चुकलं आहे, दहा दिवस द्या, वही पुन्हा पाहू. त्यांच्या जागी दीर असते तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. गुरुजींनी चष्मा वर केला आणि एकेक दवाखाना उघडून त्यावर 'पाडा' दाबलं. खेळात दवाखाना लगेच पडत नाही. एका वेळी एकच पडतो, त्याला चार दिवस लागतात. बाकीचे रांगेत थांबतात. गुरुजी प्रत्येक वेळी गावाचं नाव हळू वाचत होते. सातही नावं वाचून झाली. मग खाणींच्या पानावर गेले आणि तीन नव्या खाणी मांडल्या, जुनी धरून चार.

"झालं," ते म्हणाले.

जेवण झालं. वांग्याची भाजी आणि भात. गुरुजींनी दोनदा भाजी घेतली आणि चांगली झाली म्हणाले. दीडच्या गाडीला हे त्यांना स्कूटरवर सोडायला गेले.

मी ताटं उचलत होते. दीर ओट्याशी हात धुऊन तिथंच उभे राहिले. ते खुशीत होते. खुशीत असले की त्यांना गप्प बसवत नाही, लहानपणापासून.

"वहिनी, एक सांगू? चिडायचं नाई."

"सांगा."

"मास्तरचा माल त्याच्या दवाखान्यात गेलाच नाई. म्हंजे गेला, पण सगळ्यांच्यातून गेला. तुमी सामायिक गोदामात टाकत होत्या ना? तिथी सगळा माल एक होते. तुमचा, माहा, त्याचा. त्याचा थोडासा दोनशेवीसचा, आपल्या दोघांचा ढीगभर शंभरचा. मिसळून झाला एकशेबारा. एकशेबाराच तिघांच्या दवाखान्यात गेला. माहा आकडा पाहा. एकसष्टचा चौसष्ट झाला, फुकटात."

मी नळ बंद केला.

आमच्या स्टोअरला माल येतो तेव्हा त्याला चिठ्ठी लागते. कोणत्या विभागानं मागवला, कोणत्या कामासाठी. तो त्याच्याच रॅकवर जातो आणि त्याच विभागाला दिला जातो. बॉयलरनं मागवलेलं गास्केट मी टर्बाइनला देत नाही, मग टर्बाइनवाले माझ्यासमोर रडले तरी. ज्यानं मागवलं त्याचा माल. एकवीस वर्षांत माझ्या डोक्यात गोदाम म्हणजे हेच. चिठ्ठी नसलेला ढीग म्हणजे गोदाम, हे मला सुचणंच शक्य नव्हतं. वहीत गुरुजींचं पान वेगळं होतं म्हणून मी समजले की गोदामातही ते वेगळं आहे.

दीर कोळसा विभागात आहेत. तिथं ढीगच असतो. या खाणीचा कोळसा, त्या खाणीचा कोळसा, चांगला, मातीमिसळ, सगळा एका ढिगावर पडतो, मशीन तो ओढतं, पट्ट्यावर टाकतं. चांगला कोळसा आला म्हणून कोणी तो वेगळा काढून एका बॉयलरला देत नाही. मिसळून जो निघेल तो. हे त्यांना समजायला एक मिनिटही लागलं नसणार.

"कधी समजलं तुमाले?" मी विचारलं.

"पयल्याच हप्त्यात."

"आन् बोलले काऊन नाई?"

"तुमी विचारलं नाई."

"भाऊजी, गुरुजींनी मले विचारलं होतं. वेगळं ठेवायचं का म्हणून."

ते हसले. "मंग? तुमी का सांगतलं त्याले?"

मी सांगितलं नाही. त्यांनी अंदाज केला असावा, कारण त्यांचं हसू वाढलं. मग मी जे बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. एवढं म्हटलं की होस्टेलात ज्या माणसाच्या डब्यातला भात खाल्ला त्याच्याशी असं वागतात का. ते म्हणाले, खेळ आहे. मी म्हटलं, खेळ आहे तर दवाखाने परत करा. ते म्हणाले, सही आहे. मी म्हटलं, चाचणी खोटी होती. ते म्हणाले, "खोटी तुमी केली वहिनी, मी नाई केली. मी निस्ती पाहून राह्यलो." आणि हे वाक्य खरं होतं, म्हणून मला ते जास्त लागलं.

"तुले लाज नाई वाटत?" दारातून हे म्हणाले. ते स्टँडवरून परत आले होते आणि स्कूटरची किल्ली हातातच होती. "तो माणूस जाताना मले म्हणे, बाईंनी खूप मेहनत घेतली, माह्यासाठी. त्यांना सांगा."

दीर चप्पल घालून गेले. तेव्हापासून आमच्याकडे आलेले नाहीत. दुःख नाही.

संघाचा एक नियम आहे. पडायचं पूर्ण होईपर्यंत कोणताही दवाखाना वाचवता येतो. तिघांतल्या दोघांनी 'रद्द' दाबलं की रांग थांबते. मी त्याच दिवशी दाबलं. दीर दाबणार नाहीत. उरले गुरुजी. एवढं सोपं आहे.

पण मी आधी खात्री करायचं ठरवलं. एका चुकीवर दुसरी नको. दुसऱ्या दिवसापासून माझ्या देशात चाचणी घेतली, या वेळी नीट. माझ्या दवाखान्यांचं साहित्य, दर्जा दोनशेवीस, चौकटीत 'थेट देशात'. आठ दिवस. आरोग्याचा आकडा अठ्ठावन्नवरून सत्तरवर गेला. चौथ्या दिवसापासून बाहेरची माणसं माझ्या देशात यायला लागली, कारखान्यांना कामगार कमी पडेनात. महाग मालाचा भार आठव्या दिवशी भरून निघाला.

तेव्हा मूळ प्रश्नाचं उत्तर, ज्यासाठी तो रविवार भरवला होता. चांगला माल परवडतो. दवाखाना आणि शाळा यांना नक्की परवडतो, कारण तिथं माणसं मोजली जातात. खाणीच्या यंत्रांना मी दोनशेवीसचा देऊन पाहिला. काही फरक नाही, दीडशेवर थांबावं. तीनशेचा कशालाच घेऊ नये, अडीचशेनंतर आकडा हलत नाही, फक्त किंमत हलते. आणि माल थेट पाठवावा. सामायिक गोदामात टाकला तर ज्यानं किंमत दिली त्याला एकट्याला न मिळता सगळ्यांना थोडा थोडा मिळतो. दिरांचं म्हणणं चूक होतं. गुरुजींचं बरोबर होतं. त्यांचे सात दवाखाने चाळीस दिवसांत साठ ओलांडून गेले असते. हे मी वहीत लिहिलं आहे, आकड्यांसकट, कोणालाही दाखवता येईल असं.

फक्त गुरुजींना दाखवलेलं नाही.

चाचणीत आठ दिवस गेले. तेवढ्यात दोन दवाखाने पडले. खात्री करायची होती, हे कारण आठव्या दिवसापर्यंत चाललं. त्यानंतर माझ्याकडे कारण नव्हतं. नवव्या दिवशी गुरुजींचा फोन आला, टेकडीच्या अलीकडून. मी उचलला. ते म्हणाले, नव्या खाणींतून लोखंड निघायला लागलं आहे, तुम्हाला किती हवं ते कळवा, म्हणजे मी रोज बाराला पाठवत जाईन. मी म्हटलं, कळवते. ते म्हणाले, बाई, मी विचार केला, कदाचित त्याचंच बरोबर असेल, औषधाच्या दर्जानं काही होत नसावं. खरं बोलायला याहून चांगली जागा मिळाली नसती. मी म्हटलं, "पाहू गुरुजी, आता साहेब आले, ठेवते." साहेब आले नव्हते. रॅकच्या दोन ओळींत मी एकटी होते.

त्यांना 'रद्द' दाबा एवढंच सांगून चालणार नाही. ते दिलेला शब्द मोडणारे नाहीत. काऊन म्हणून विचारतील. तेव्हा एकच गोष्ट सांगावी लागेल, चाचणी माझ्यामुळे खोटी झाली, आणि तुम्ही चोविसाव्या दिवशी मला जे विचारलं तेच उत्तर होतं. मेसेज तीनदा लिहिला. पहिल्यात दिरांवर जास्त होतं. दुसऱ्यात खेळाच्या नियमांवर जास्त होतं. तिसरा बरोबर आहे, चार ओळींचा, तो पाठवलेला नाही.

आज बाराला तिसरा दवाखाना पडला. गुरुजींचा आकडा सव्वीस. चौथ्याचे चार दिवस आता सुरू झाले आहेत. बाकीची आजची कामं झाली: दिरांच्या देशाचा माल थेट पाठवायला सुरुवात केली, दर्जा शंभरचाच, माझ्या शाळांचं साहित्य मागवलं, गुरुजींचं लोखंड उतरवून घेतलं, बारा वाजून एक मिनिटानं आलं होतं.

राहिलं: गुरुजींना मेसेज.